अंगाचं ओझं

उसाला तुरे येऊन बरेच दिवस झाले होते आणि पानांच्या कडा तांबूस पडायला लागल्या होत्या. ओतिलिया रोज सकाळी तव्यावर मक्याच्या आरेपा टाकायची, एक बाजू भाजेस्तोवर दारात यायची आणि खालच्या घळीकडे बघायची. घळीत त्यांचा ऊस उभा. वर घराला लागून गुऱ्हाळ. मधे ती पायवाट, इतकी उभी की त्यांचं चावेला नावाचं खेचरसुद्धा तिच्या तोंडाशी येऊन कान पाडायचं आणि पुढे हलायचं नाही. ऊस खालून वर यायचा तो माणसांच्या पाठीवरूनच. आणि पाठी हव्या होत्या निदान आठ.

नवरा आनिबाल ओसरीवर बाकावर बसून डाव्या हातानं कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून तो हात असाच, जिथं ठेवाल तिथं राहणारा. पायही त्याच बाजूचा ओढत चालायचा. पण माणूस वाचला होता. ओतिलिया रोज झोपताना देवाचे आभार मानायची, ते पहिले ह्याच गोष्टीसाठी. बाकीचं सगळं नंतर.

"आज जाता का एवारिस्तोकडे?" तिनं विचारलं.

"जाईन."

"काल पण जाईनच होतं."

"मग आज पण तेच आहे, ओतिलिया. बदललं की सांगतो."

तिनं आरेपा उलटली. जळाली होती एका बाजूनं.

एल ग्वामाल वाडीत गुऱ्हाळं चालतात ती सावडीवर. तुम्ही माझ्याकडे एक दिवस द्या, मी तुमच्याकडे एक दिवस देतो. लिहून कोणी ठेवत नाही. प्रत्येक गुऱ्हाळाच्या मधल्या खांबाला खिळे ठोकलेले असतात. येणाऱ्यानं सकाळी टोपी खिळ्याला टांगायची, संध्याकाळी काढायची. झाला दिवस. आठवण ठेवायची ती दोघांनी. पण एक मात्र आहे, मालकानं स्वतः दारात जाऊन बोलवावं लागतं. न बोलावता कोणी येत नाही, आणि आलाच तर तो मालकाला मोडीत काढायला आला, असा अर्थ होतो.

गेल्या वर्षी तेच झालं होतं. आनिबाल तेव्हा अजून अंथरुणातच होता, म्हणून एवारिस्तोनंच वाडीत फिरून माणसं गोळा केली. एवारिस्तो म्हणजे शेजारी, आणि त्यांच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे घरचाच; त्या नात्यानं तो ह्या दोघांना कोंपाद्रे, कोमाद्रे म्हणायचा. आठ माणसं आली, आठ टोप्या लागल्या, गूळ झाला. पुढे वर्षभर एकानंही दिवस परत मागितला नाही. ओतिलियाला वाटलं, चांगले लोक आहेत. आनिबालला तसं वाटलं नाही.

"आले, काम केलं, गेले," तो एकदा म्हणाला होता. "मेलेल्याच्या घरी येतात तसे आले. मेलेल्याकडून कोण दिवस परत मागणार?"

तेव्हापासून त्याची टोपी कुणाच्याच खिळ्याला लागली नव्हती. आणि ज्याची टोपी लागत नाही, त्यानं कुठल्या तोंडानं बोलवायला जायचं, हा त्याचा हिशेब होता. ऊस मात्र हिशेबासाठी थांबत नाही. उन्हं वाढली की रस आटतो, आणि आटलेल्या उसाचं चिपाड तेवढं हातात येतं. त्या उसावरच त्यांचं वर्ष होतं.

शनिवारी ओतिलिया शाळेत जायची. वाडीच्या शाळेत शनिवारी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. बाकं पोरांची, त्यामुळे गुडघे वरच्या फळीला आपटतात. लहानपणी तिची शाळा चौथीत सुटली, ती भावंडं सांभाळायला. आता मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिनं नाव घातलं. आनिबाल म्हणाला होता, "जा. घरात एकाला तरी भागाकार यावा."

त्या शनिवारी प्रोफे लुस्मिलानं फळ्यावर एक बाई काढली, तिच्या डोक्यावर पोतं, पुढे जिना. प्रोफे, म्हणजे मास्तरीण, वयानं ओतिलियाच्या मुलीएवढी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा झोपायचे नाहीत.

"दोन बायका आहेत," प्रोफे म्हणाली. "सारखंच पोतं, सारखाच जिना. एक झपझप वर गेली, दुसरी थांबत थांबत. जास्त काम कुणी केलं?"

"झपझप गेली तिनं," सगळे एका सुरात म्हणाले.

"नाही. काम दोघींचं सारखंच. तेवढंच वजन तेवढंच उंच गेलं. शक्ती वेगळी. काम किती वेळात झालं, त्यानं शक्ती ठरते."

मग तिनं लिहून दिलं. किलोला दहानं गुणायचं, त्याला उंचीच्या मीटरनं गुणायचं, हे झालं काम. कामाला सेकंदांनी भागायचं, ही झाली शक्ती. ती वॅटमध्ये येते. बल्बवर लिहिलेलं असतं तेच वॅट. पूर्वी लोक घोड्यावरून मोजायचे, म्हणून अश्वशक्ती.

"आमच्याकडे घोडं नाही, प्रोफे," मागून कोणीतरी म्हणालं. "खेचर आहे. चालेल?"

"चालेल. पण ती मग खेचरशक्ती होईल, आणि ती मधेच बसेल."

वर्ग हसला. ओतिलिया मात्र फळ्यावरच्या दुसऱ्या बाईकडे बघत होती. थांबत थांबत गेलेलीकडे. काम सारखंच, असं प्रोफे म्हणाली होती, आणि हे वाक्य तिनं घरापर्यंत जपून आणलं. घरचा अभ्यास सोपा होता. घरातलं कोणीही घ्या आणि त्याची शक्ती मोजून आणा.

बोलावणं जात नव्हतं, तेव्हा त्या दोघांनीच थोडा थोडा ऊस वर आणायला सुरुवात केली होती. ओतिलिया कोयत्यानं तोडायची, वाढं उडवायची, मोळी बांधायची. आनिबाल डाव्या हातानं दोर ओढायचा आणि गाठीचं दुसरं टोक दातात धरायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या ओठाला दोरानं चर पडला. पाती घामावर घासली की अंगाची आग व्हायची, आणि घळीत वारा म्हणून नसायचा.

सोमवारी ओतिलियानं गुऱ्हाळातल्या टांगत्या काट्यावर मोळी लावली. पंचवीस किलो. घळीच्या काठावरून दोर सोडून उंची मापली. बारा मीटर. घड्याळ तिच्या मनगटावर होतंच. होतं ते आनिबालचं, पण झटक्यानंतर त्याचं उजवं मनगट इतकं बारीक झालं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं, म्हणून तिनं ते घातलं होतं. मोळी घेऊन ती चढली. वर पोचली तेव्हा बरोबर एक मिनिट झालं होतं, आणि छाती भात्यासारखी हलत होती.

मग आनिबाल निघाला. डाव्या खांद्यावर मोळी, पट्टा कपाळावर घेतलेला. डावा पाय टाकायचा, उजवा ओढून जवळ घ्यायचा. पेरूच्या मुळीपाशी थांबला, मुळीला कोपर टेकवला, पुन्हा निघाला. वर ओतिलिया वाकून चपलेचा बंद बांधत होती. बंद सुटलेला नव्हता. तो वर आला तेव्हा घड्याळाचा सेकंदकाटा दोनदा फिरून गेला होता.

"काय हो, चपलेत काय हरवलं?" त्यानं विचारलं.

"खडा होता," ती म्हणाली.

बुधवारी एवारिस्तो नेलेली कानस परत द्यायला आला. उंच, बडबड्या माणूस. स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, गुळाचं गरम पाणी घोटघोट पिऊ लागला. टेबलावर ओतिलियाची वही उघडी होती, कारण ती सकाळपासून भागाकार तपासत होती. एवारिस्तोनं वही वळवून घेतली.

"ओतिलिया पन्नास. आनिबाल पंचवीस. हे काय हो कोमाद्रे, वय का? मग दोघांचंही चुकलंय."

"शक्ती आहे ती. शाळेतली. वॅट."

"वॅट म्हणजे बल्बाचे?" तो हसायला लागला. "पंचवीसचा बल्ब माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. म्हणजे आमचे कोंपाद्रे आता खुराड्यातला बल्ब झाले म्हणा की."

मनात काही नव्हतं त्याच्या. तोंडाला कुलूप नव्हतं, एवढंच. पण दारात आनिबाल उभा होता, बगलेत सरपण धरून.

चुलीवरचं पाणी उकळत राहिलं. मग आनिबालनं सरपण खाली ठेवलं, एकेक लाकूड नीट रचून.

"कोंबड्या झोपतात का त्या उजेडात?" त्यानं विचारलं.

"झोपतात," एवारिस्तो खाली बघत म्हणाला.

"मग बरं आहे."

एवारिस्तो गेल्यावर तो टेबलाशी आला. वहीकडे बघितलं. त्याला वाचता येत होतं, आकडे तर चांगलेच येत होते.

"मला मोजलंत?"

"अभ्यास होता, आनिबाल. मला वाटलं…"

"विचारून मोजायचं होतंत."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचं असतं."

ह्या डोंगरात नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करतात, भांडतानासुद्धा. खेचरालाही अहो म्हणतात. त्यामुळे राग बोलण्यात दिसत नाही, तो दुसरीकडे शोधावा लागतो. त्या रात्री आनिबाल जेवला, ताट उचलून ठेवलं, आणि म्हणाला, "रविवारी एवारिस्तोला सांगतो. ऊस उभाच त्याच्या गुरांना घालू दे. तुमच्या पाठीवर सगळा यायचा नाही, आणि माझ्यावर काय येतं ते वहीत आहेच."

ओतिलियाला रडूसुद्धा आलं नाही. आपल्याच हातानं आपण हे केलं, एवढंच तिला कळत होतं. काम सारखंच आहे, हे त्याला सांगायचं म्हणून तिनं मोजलं होतं. आणि मोजलेला आकडाच त्याच्या छातीवर जाऊन बसला.

शनिवारी तिला शाळेत जायचंच नव्हतं. गेली ती ह्यासाठी की घरात बसून त्याची पाठ बघवत नव्हती. सगळ्यांनी आपापली उत्तरं फळ्यावर लिहिली. कोणी सुनेला मोजलं होतं, कोणी दुधाची बरणी वर नेताना स्वतःला. प्रोफे लुस्मिला फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सगळ्यांचं चुकलंय," ती म्हणाली. "आणि सगळ्यांचं एकच चुकलंय. असं मी पहिल्यांदा बघतेय." मग तिनं ओतिलियाकडे बोट केलं. "ओतिलियाबाई, मोळी वर आली. तुम्ही कुठं राहिलात?"

"म्हणजे?"

"तुम्ही खाली घळीतच राहिलात का?"

"नाही. मी पण वर आले. मोळी माझ्या पाठीवर होती ना."

"मग तुमचं अंग कुणी वर आणलं?"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "अंग तर आपलंच असतं, प्रोफे. ते कोण मोजतं?"

"जमीन मोजते," प्रोफे म्हणाली. "ती ओढायची ती सगळ्यालाच ओढते, मोळीला पण आणि तुम्हाला पण. रिकाम्या हातानं चढलात तरी काम होतं. तुम्ही जन्मभर स्वतःला उचलून ह्या डोंगरात फिरताय, आणि कधी हिशेबात धरलंच नाहीत. धरा आता."

ओतिलिया स्वतः पन्नास किलोची. आनिबाल दवाखान्याच्या काट्यावर नव्वद भरला होता, महिनाही झाला नव्हता. तिनं बाकावरच गणित मांडलं. खात्री करायला दोनदा मांडलं. तिचे आले दीडशे. त्याचे एकशे पंधरा. खुराड्यातला बल्ब कुठल्या कुठे गेला. आणि भागाकाराच्या आधीचा, नुसत्या कामाचा आकडा बघितला, तर त्याचा तिच्यापेक्षा दीडपट होता. ती पोचली ते स्वतःचं हलकं अंग घेऊन. तो पोचला ते नव्वद किलोचा देह घेऊन, त्यात तो न चालणारा हात आणि तो ओढायचा पाय, वर मोळी.

सुट्टी होईपर्यंत ती थांबली नाही.

आनिबाल टाकीपाशी चावेलाला खरारा करत होता. तिला धाप लागली होती, बोलता येईना. तिनं वही त्याच्यापुढे धरली, आणि मग लागेल तशी, तुटक तुटक, सगळं सांगितलं. मोळी, अंग, जमीन ओढते ते. आनिबालनं वही हातात घेतली नाही, पण वाचली. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. झटक्यानंतर हसू त्याच कोपऱ्यात यायचं.

"एकशे पंधरा," तो म्हणाला.

"आणि काम माझ्या दीडपट."

"छान आहे. पण ओतिलिया, शेजाऱ्याला माझ्या अंगाचा काय उपयोग? मी नव्वद किलो वर नेले, ते माझे मीच नेले. त्याच्या चरकात जाणार मोळीच. तो म्हणेल, तुमचं अंग घरी ठेवा, ऊस पाठवा."

हे खरं होतं. ओतिलिया टाकीच्या कडेवर बसली. पण आज ती गप्प बसायला आली नव्हती.

"बरं, मोळीच धरा," ती म्हणाली. "तुम्ही चांगले होता तेव्हा एका खेपेत दोन मोळ्या आणत होता. सगळी वाडी बघत होती. दिवस मात्र तुमचा एकच धरला लोकांनी. शक्तीनं मोजलं तर किती दिवस निघतात तुमचे त्यांच्याकडे. जा आणि मागा ते."

आनिबालनं खरारा टाकीच्या कडेवर ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"असं मोजायचं? मग दोन्या पास्तोराचा दिवस किती धरायचा?"

पास्तोरा, जिला मानानं सगळे दोन्या म्हणायचे, ही वाडीतली सगळ्यांत म्हातारी सावडकरीण. विधवा, चिमुकली, दम्याची. दर वर्षी यायची, अर्धी मोळी घ्यायची आणि वाटेत चार ठिकाणी बसायची.

"चतकोर धरू?" तो म्हणाला. "तिनं मला दिवस द्यायचा आणि मी तिला चतकोर परत करायचा? दिवस म्हणजे दिवस. सकाळी टोपी टांगली, संध्याकाळी काढली. मधे तिनं किती उचललं ते माझ्या बापानं मोजलं नाही, मी पण कधी मोजणार नाही."

"दिवस म्हणजे दिवस?" ओतिलियानं विचारलं.

"हो."

"दोन्या पास्तोराचासुद्धा?"

"हो म्हटलं ना."

"आणि आनिबाल रुएदाचा?"

चावेला पाणी पीत होती, तिच्या घशाचा आवाज तेवढा येत होता. आनिबालनं खरारा उचलला आणि खेचराच्या पोटावरून फिरवायला लागला, जिथं आधीच दोनदा फिरवून झाला होता.

"चावेलाबाई, पाय उचला," तो म्हणाला. "उचला म्हणतोय."

बस, इतकंच. ओतिलिया वही घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी तो टोपी घालून निघाला. कुठं ते सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. आज एवारिस्तोला सांगणार, हे बुधवारीच ठरलं होतं. गुरांना घालायचं सांगायला चाललेत की बोलवायला, हे त्या पाठीकडे बघून कळत नव्हतं. ती दुपारपर्यंत त्याच त्या डाळीतले खडे वेचत बसली. देवाला म्हणाली, ऊस गेला तरी चालेल, पण हा माणूस वाकून परत येऊ नये.

उन्हं कलल्यावर तो आला. पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता, म्हणजे बराच फिरला होता.

"मंगळवारपासून," तो म्हणाला. "चुलाण सारवून ठेवायला हवं. आणि काहिली घासायला मी मदत करतो, एक हात पुरे आहे त्याला."

"किती जणांना बोलावलंत?"

"आठ. दोन्या पास्तोराकडे शेवटी गेलो. तिनं तासभर बसवून ठेवलं. म्हणाली, दोन वर्षं माझ्या दारात पाऊल नाही, आता एवढ्यात सोडत नाही."

ओतिलिया आत गेली आणि चुलीपाशी उभी राहून एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. बाहेरून तो म्हणाला, "खडा गेला का डोळ्यात?" तिला हसू आलं.

मंगळवारी तांबडं फुटायच्या आत माणसं आली. खांबाला आठ टोप्या लागल्या. एवारिस्तो चरकात ऊस घालायला बसला, कारण त्याचे हात चपळ. चावेला गोल फिरायला लागली, रसाची धार पन्हाळीतून काहिलीत पडली आणि चुलाणात चिपाडं पेटली. वाफेनं छप्पर दिसेनासं झालं. घळीतून एकामागून एक मोळ्या वर येत होत्या, आणि त्यांच्यात आनिबाल होता. डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा. त्याच्यामागच्या माणसाला थांबावं लागायचं. तो थांबायचा. पुढे जायला वाट नव्हती आणि कोणी मागितलीही नाही.

दुपारी युक्काच्या कंदांचा आणि मांसाचा रस्सा वाढताना एवारिस्तो आनिबालच्या शेजारी येऊन बसला. रस्सा ढवळत म्हणाला,

"कोंपाद्रे, त्या दिवशी तो बल्ब…"

"आता एकशे पंधरा झालाय," आनिबाल म्हणाला. "अंग धरून."

एवारिस्तोला काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा उजळला. "एवढा लावला तर खुराडं पेटेल."

"म्हणूनच तुमच्याकडे लावत नाही."

सगळे हसले. दोन्या पास्तोरा सगळ्यांत जास्त हसली, आणि मग तिला खोकला आला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची काहील उतरली. गूळ साच्यांत ओतला. घळ रिकामी झाली होती, नुसती खोडं उरली होती. ऊस थोडा सुकला होता, त्यामुळे दरवर्षीपेक्षा कमी भरला, पण भरला. माणसं हात धुऊन खांबाकडे वळली. ओतिलिया चुलाणाशी उभी राहून बघत होती. तिला गेल्या वर्षीची संध्याकाळ आठवली. टोप्या अशाच निघाल्या होत्या, लोक गोड बोलले होते, पाठीवर थोपटून गेले होते, आणि काही मागितलं नव्हतं.

दोन्या पास्तोरानं टोपी काढली, झटकली, डोक्यावर घट्ट बसवली. मग आनिबालसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत पोचत होती.

"सोमवारी माझं गुऱ्हाळ आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे माझे गेल्या वर्षीचे पण दिवस आहेत, ते मी सोडलेले नाहीत. लवकर या. ऊन झालं की मला चढवत नाही."

आनिबाल सरळ उभा राहिला.

"येतो, दोन्या पास्तोरा."

"येतो नाही. या."

"आणि गुरुवारी माझ्याकडे," एवारिस्तो मागून म्हणाला. "माझे पण गेल्या वर्षीचे आहेत. तेव्हा लाज वाटली मागायला, आता नाही वाटत."

मग एकेकानं आपला वार सांगितला. कोणाचा पुढचा आठवडा, कोणाचा त्याच्या पुढचा. आनिबाल प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होता, आणि बोटांवर मोजायला त्याला एकच हात असल्यामुळे तो ओतिलियाकडे वळून म्हणाला, "तुम्ही लक्षात ठेवा हो, माझी बोटं संपली." ओतिलियाला वाटलं, ह्या एकेकाच्या पाया पडावं. लोक देतात तेव्हा आभार मानायचे असतात, हे तिला ठाऊक होतं. मागतात तेव्हाही मानावेसे वाटतील, हे तिला त्या संध्याकाळी कळलं. तिनं प्रत्येकाच्या हातात पानात बांधलेली गुळाची गरम ढेप दिली. दोन्या पास्तोराला दोन दिल्या.

सोमवारी दोघं अंधारातच निघाली. दोन्या पास्तोराचं गुऱ्हाळ लहान, छप्पर ठेंगणं, पण घळ त्यांच्यासारखीच. खांबाला खिळे गंजलेले. आनिबालनं डाव्या हातानं टोपी काढली आणि एक खिळा शोधून त्याला टांगली. टोपी वाकडी लागली, ती त्यानं सरळ केली. दोन वर्षांत त्याच्या डोक्याला ऊन लागलं नव्हतं असं नाही, पण त्याचा चेहरा पहिल्यांदाच उन्हाला निघाल्यासारखा दिसत होता.

"टोपी लागली ना?" आतून दोन्या पास्तोरा ओरडली. "मग उभे काय राहता?"

ओतिलिया खाली ऊस तोडायला उतरली. घड्याळ तिनं घरीच ठेवलं होतं. सकाळभर तिला वर जाणाऱ्यांची पावलं ऐकू येत होती, आणि त्यात एक पाऊल ओढत जाणारं. ऊन चढल्यावर ती स्वतः मोळी घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर एक मोठा दगड होता. त्या दगडावर दोन्या पास्तोरा बसली होती, शेजारी तिची अर्धी मोळी. आणि पलीकडच्या टोकाला आनिबाल, त्याची मोळी पायाशी.

"दमलात?" म्हातारीनं विचारलं.

"हो," आनिबाल म्हणाला.

"मी पण."

ओतिलिया खालीच थांबली, तिनं घाई केली नाही. थोड्या वेळानं म्हातारी उठली, तिनं बसलेल्या आनिबालच्या खांद्यावर मोळी चढवायला हात दिला, पट्टा कपाळावर सरकवला. त्यानं डाव्या हातानं तिची मोळी उचलून तिच्या पाठीवर दिली. मग दोघं हळूहळू वर निघाली.